आबाजींचं गाव आजीच्या माहेरी विचारा

यवतमाळ जिल्ह्यात अंगणवाडीत काम करणाऱ्या, सेहेचाळीस वर्षांच्या एका ताईंचं पत्र आलं आहे. त्यांचं माहेर उमरखेड तालुक्यात, पैनगंगेच्या काठाला. त्यांचे आजोबा, ज्यांना घरात सगळे आबाजी म्हणत, रझाकारांच्या धामधुमीत नदीपलीकडून एकटेच या गावात आले. तेव्हा ते विशी-बाविशीचे होते. एका वाड्यावर सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा गडी, म्हणून राहिले, दोनेक वर्षांत लग्न झालं, तीन लेकरं झाली, पुढे तीन एकर जमीनही नावावर लागली. पण मूळ गाव कोणतं, मायबाप कोण, मागे कोण राहिलं, हे त्यांनी मरेपर्यंत सांगितलं नाही. कोणी विचारलं की उठून गोठ्याकडे जात. ताईंचे वडील गेल्या वर्षी वारले. वर्षश्राद्धाला भटजींनी तीन पिढ्यांची नावं विचारली तेव्हा भाऊ दोन नावांवर अडला. तेव्हापासून ताईंच्या जिवाला चैन नाही. त्यातच कागद चाळताना वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर एक आडनाव आणि काकांच्या दाखल्यावर दुसरंच आडनाव निघालं. मोठी आत्या आज चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. तिला काहीतरी ठाऊक आहे, पण ती म्हणते, “आबाजीनं गाडलं ते गाडलं, तू कायले उकरतं?” भाऊ म्हणतो, “तू लगन होऊन गेली, तुले माहेरच्या मुळाचं काय करा लागते?” ताई विचारतात: आत्याला बोलतं करू का? भावाचा विरोध असताना शोध घेऊ का? आणि घ्यायचाच तर सुरुवात कुठून करू? पत्राच्या शेवटी त्या लिहितात, “मूळच माहीत नाही तर आपण कोण, असं वाटत राहतं.”

ताई,

तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. पत्रभर आबाजीच आहेत: त्यांचं गोठ्याकडे निघून जाणं, त्यांचं माहूरला दर नवरात्रात पायी जाणं, लेकरांवर कधी हात न उचलणं. आणि आजीबद्दल एकच वाक्य आहे, “आजी जवळच्याच गावची होती.” माझ्या मते तुमच्या प्रश्नाची किल्ली त्याच वाक्यात आहे.

जरा विचार करा. १९४९-५० चा काळ. नदीपलीकडून आलेला एक तरुण. त्याला ना घर, ना शेत, ना मागेपुढे कोणी. दुसऱ्याच्या वाड्यावर साल घातलेला गडी. अशा माणसाला तुमच्या आजीच्या वडिलांनी पोटची पोर दिली. त्यांनी काहीच विचारलं नसेल? जात विचारली असेल, कुळदैवत विचारलं असेल, देवक विचारलं असेल, कारण दोन्हीकडचं देवक एकच निघालं तर सोयरीक होत नाही. मामाकुळ कोणतं, हेही विचारलं असेल. आबाजींनी स्वतः सांगितलं नसेल तर त्यांच्या वतीने कोणीतरी शब्द टाकला असेल: वाड्यावरचा पाटील, सोयरीक जुळवणारा कोणी, किंवा नदीपलीकडचाच एखादा ओळखीचा माणूस. आबाजींनी पुढे तुमच्या वडिलांना काही सांगितलं नाही हे खरं, पण लग्नाआधी सासऱ्याला काहीच न सांगता ते लग्न झालं असेल, हे मला पटत नाही. म्हणजे जे तुमच्या माहेरी कोणाला ठाऊक नाही ते आजीच्या माहेरी कोणाच्या तरी कानावर होतं.

तिथे शेवटचं कोण कधी गेलं? आजी होती तोवर तिचे भाऊ येत असतील, दिवाळीला चोळी-बांगडी होत असेल. ती गेली आणि ते येणं-जाणं सुटलं असेल. आपल्याकडे आजीचं माहेर दोन पिढ्यांत परकं होतं. तुमच्या वडिलांचे मामेभाऊ, मामेबहिणी आज सत्तर-पंच्याहत्तरीत असतील. त्यांच्याकडे जा. त्यांना आबाजींचं गाव विचारण्याआधी आजीचं लग्न विचारा. मांडव कुठे पडला, नवरदेवाच्या बाजूने कोण उभं राहिलं, मानाचं कोणाला मिळालं, आहेर कोणी आणले, हे सगळं विचारा. “नवरदेवाकडून कोणीच नव्हतं” असं उत्तर आलं तरी तीही माहिती आहे. आणि “एक म्हातारी आली होती, माहूरकडची” असं कोणी म्हणालं, तर एवढ्यानेच शोधाचा निम्मा रस्ता सरला म्हणून समजा.

यासोबत एक गोष्ट हळूच सांगते. “मूळच माहीत नाही” असं तुम्ही लिहिलंत, ते मला खरं वाटत नाही. तुमच्या चार आजी-आजोबांपैकी तिघांची गावं तुम्हाला ठाऊक आहेत. बापाच्या बापाचं गाव तेच मूळ आणि बाकीची तीन नुसती नातेवाइकांची गावं, असा हिशेब आपण सगळेच करतो. तुमचा भाऊ “तू लग्न होऊन गेलीस” म्हणतो तेव्हा तोही हाच हिशेब करतो. तुम्हाला त्याचं बोलणं लागलं, ते लागण्यासारखंच आहे. पण आजीला एका वाक्यात आटोपताना तुमच्याही हातून तेच झालं. ज्या बाईच्या बळावर एक परका माणूस त्या गावचा झाला, तिचा बाप, तिची आई, तिचं घर, तिने काय पाहून होकार दिला, हे शोधणं म्हणजेसुद्धा मूळ शोधणं आहे. ते नदीच्या अलीकडे आहे आणि सापडण्याजोगं आहे.

आता आबाजींच्या गप्प राहण्याबद्दल.

तुम्ही त्याला “कोडं” म्हटलंय. मला त्यात एका माणसाचा निर्णय दिसतो. त्या दोन वर्षांत पैनगंगेच्या दोन्ही काठांवर काय चाललं होतं ते आठवा. १५ ऑगस्ट १९४७ ला उमरखेडला तिरंगा लागला आणि नदीपलीकडे निजामाचं राज्य तसंच राहिलं. कासिम रझवीच्या रझाकारांनी गावं लुटली, माणसं मारली. लोक रातोरात नदी उतरून वऱ्हाडात आले. हैदराबादच्या लढ्यातल्या कार्यकर्त्यांनी सरहद्दीलगत कॅम्प उघडले, त्यांतला एक उमरखेडचा. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य आत शिरलं (लोक त्यालाच पोलीस ॲक्शन म्हणतात) आणि १७ तारखेला निजाम शरण आला. त्यानंतरही पलीकडच्या गावांत सूड उगवले गेले. त्यात कैक निरपराध मुसलमान कुटुंबं होरपळली. त्या वयाच्या पोराने काय पाहिलं, कोणाला गमावलं, कोणाला वाचवू शकला नाही, हे आपण बसल्या जागी सांगू शकत नाही.

आणि दुसरीही शक्यता मनात ठेवा. त्या काळात एकटा आलेला प्रत्येक माणूस रझाकारांमुळेच आला असं नाही. ते कारण सांगायला सोपं होतं आणि कोणी जास्त खोदत नसे. कोणी सावकाराच्या कर्जातून पळालेला असे, कोणी वेठीतून सुटलेला, कोणी घरातल्या भांडणातून निघालेला. कोणी मागे बायको सोडून आलेला असे. कोणी जातीचं नाव बदलून नव्या गावात माणूस म्हणून उभा राहिलेला असे. यातलं काहीही निघू शकतं. निघालं तर आबाजी तुमच्या नजरेत उतरतील का, हा प्रश्न तुम्ही आधी स्वतःला विचारा. “नाही” असं मनापासून म्हणता येत असेल तरच पुढे जा. नावगाव मिळवण्यासाठी निघालात आणि हाती माणसाचं दुःख लागलं तर ते धरून ठेवायची तयारी हवी.

माझं मत विचाराल तर तुम्ही शोध घ्यावा. आबाजींनी तोंड बंद ठेवलं ते त्यांच्या जिवंतपणी त्यांना गरजेचं होतं, आणि घरातल्यांनी त्याचा मान राखला. नातवंडांनी पुढे विचारूच नये एवढा लांबचा करार त्यांनी कोणाशी केला नव्हता. मात्र आत्याशी केला असेल तर गोष्ट वेगळी. आत्या थोरली लेक. तिच्या बोलण्यावरून तिला शपथ घातलेली असावी असं वाटतं. जिवंत माणसाने पाळलेली शपथ आपल्या उत्सुकतेसाठी मोडायला लावू नये. म्हणून आत्याला “गाव सांग” म्हणून खिंडीत पकडू नका. तिच्याशी बोला, पण वेगळ्या गोष्टी विचारा, ज्या सांगून शपथ मोडत नाही.

देव्हाऱ्यात टाक कोणाचे होते? रेणुकेचे, खंडोबाचे, आणखी कोणाचे? ते आबाजींनी आणले की आजीने? पोळ्याला, दसऱ्याला, अखाजीला घरात काय वेगळं होत असे, जे शेजारच्या घरात होत नव्हतं? आबाजी कोणत्या वारी उपास धरत? माहूरला पायी जात तेव्हा कोणाबरोबर जात, किती दिवसांनी परतत? गडावरून थेट घरी येत की आणखी कुठे मुक्काम होत असे? घरी कधी अनोळखी पाहुणा आला होता का? थोरल्या लेकीचं, म्हणजे खुद्द आत्याचं, नाव कोणाच्या नावावरून ठेवलं? हा शेवटचा प्रश्न फार मोलाचा आहे. पहिल्या लेकीला पुष्कळदा आईचं किंवा मागे राहिलेल्या बहिणीचं नाव दिलेलं असतं. आणि जुनी भांडी उलटी-सुलटी करून पाहा. पितळी गंज, तांब्या, परात यांच्यावर लग्नात देणाऱ्याचं नाव आणि कधी कधी गावही कोरलेलं असतं. अक्षरं घासली गेली असतील तर त्यावर चुना किंवा खडूची भुकटी फिरवा, वाचता येतात.

आत्याला साल आठवणार नाही, पण प्रसंग आठवतील. तिने आई-बापाकडून जे ऐकलं ते अशा खुंट्यांना बांधून घ्या: आबाजी आले ते गांधीजींच्या खुनाच्या आधी की नंतर? पोलीस ॲक्शनच्या वेळी ते गावात होते का? जमीन घेतली तेव्हा माझे वडील चालत होते की पाळण्यात होते? ती बोलत असताना लिहून घ्या. मोबाइलवर आवाज धरायचा असेल तर तिला विचारूनच. ती म्हणाली “हे लिहू नको”, तर पेन खाली ठेवा. पुढच्या भेटीत ती स्वतःहून जास्त बोलेल.

आता कागदांकडे. बहुतेक लोक इथे चूक करतात ती ही, की नसलेल्या गावाचे कागद शोधायला निघतात. कागद नेहमी माहितीतल्या गावातून मागे मागे न्यावे लागतात. तुमच्याकडे वडिलांचं आणि काकांचं गाव आहे, शाळा आहे, जमीन आहे. तिथूनच निघायचं.

पहिलं काम शाळेचं. दाखल्यावर विसंबू नका, शाळेतल्या दाखल-खारीज रजिस्टरातल्या मूळ नोंदीची नक्कल मागा. दाखला पुढे कोणीतरी उतरवून दिलेला असतो. मूळ रजिस्टरात जन्मगाव, जात, पालकाचं नाव, कधी पालकाचा धंदा असतो. तुमचे वडील आणि काका वेगवेगळ्या वर्षी, कदाचित वेगवेगळ्या गुरुजींच्या हाती दाखल झाले. एका गुरुजींनी आबाजींनी सांगितलेलं आडनाव लिहिलं असेल, दुसऱ्याने गाव ज्या नावाने हाक मारत होता ते. त्या दोनांपैकी एक आडनाव गावाने दिलेलं आणि दुसरं आबाजींनी नदीपलीकडून आणलेलं असण्याचा बराच संभव आहे. आधी दाखल झालेलं लेकरू कोणतं, तेव्हा हजर कोण होतं, ते पाहा. आत्या शाळेत गेली असेल तर तिची नोंद या दोघांच्याही आधीची.

दुसरं काम कोतवालबुकाचं. विदर्भात कोतवाल गावातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी ठेवायचा. ती जुनी पुस्तकं तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात. आबाजींचा स्वतःचा जन्म त्यात सापडणार नाही, कारण तो नदीपलीकडे झाला आणि तिकडच्या राज्याची कागदपत्रंच वेगळी. पण आत्याचा, तुमच्या वडिलांचा, काकांचा जन्म त्यात असायला हवा. लक्षात ठेवा, या पुस्तकांत बाळाचं नाव पुष्कळदा नसतंच. बापाचं नाव, जात, तारीख आणि पुढे नुसतं “मुलगी” किंवा “मुलगा”. म्हणून आबाजींच्या नावावर शोधा, तेही दोन्ही आडनावांनी आणि आडनावाशिवायही. आत्याच्या जन्माची नोंद माझ्या दृष्टीने सगळ्यांत मोलाची, कारण या गावात आल्यावर आबाजींनी स्वतःबद्दल जे सांगितलं ते सरकारी पुस्तकात पहिल्यांदा बहुधा तिथेच उतरलं. वयाचा अंदाज खात्रीचा नसेल तर मागची-पुढची दोन-तीन वर्षं चाळायला सांगा. आणि कागदाच्या माथ्यावर “मध्यप्रदेश” दिसलं तर बुचकळ्यात पडू नका. यवतमाळ जिल्हा आधी मध्यप्रांत व वऱ्हाडात होता, १९५० पासून मध्यप्रदेशात, १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यात आणि १९६० ला महाराष्ट्रात आला. एका घराचे कागद त्यामुळे चार सरकारांच्या नावाने निघतात.

तिसरं, ती तीन एकर. जमीन आबाजींकडे कशी आली? विकत घेतली, कुळ म्हणून मिळाली, भूदानात मिळाली, की सासऱ्याने लेकीच्या नावाने दिली? ज्या फेरफाराने त्यांचं नाव लागलं त्याची नक्कल काढा. देणारा कोण, साक्षीदार कोण, हे त्यात दिसतं, आणि साक्षीदार हा बहुतेक जवळचा माणूस असतो. १९५४-५५ चे अधिकार अभिलेखही पाहा. महाभूमीच्या ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर काही जिल्ह्यांचे जुने कागद स्कॅन करून ठेवलेले आहेत, ते घरबसल्या पाहता येतात. तिथे नसेल तर तलाठी आणि तहसील. भूदानाची जमीन असेल तर तिची कागदपत्रं निराळी, तशी चौकशी करा.

वाड्याला विसरू नका. सालदाराचं साल पाडव्याला ठरायचं, आणि नीट कारभार असलेल्या वाड्यांवर त्याचा हिशेब वहीत उतरायचा: नाव, धान्य, पैसे, उचल. वाड्यातली आताची माणसं पुण्या-मुंबईला असली तरी माळ्यावर जुन्या वह्यांचं गाठोडं असू शकतं. पाटलाच्या नातवाला एक फोन करायला काय लागतं? वाळवीने खाण्याआधी करा.

इथवर आलात आणि नदीपलीकडच्या गावाचं नाव हाती लागलं, की पुढचा भाग सुरू होतो. तो जरा किचकट आहे. पलीकडे कोणतं गाव, यावर कागद कुठे हे ठरतं. हदगाव तालुका निजामाच्या काळातही नांदेड जिल्ह्यातच होता. पण किनवट तालुका १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता, आणि माहूर तेव्हा किनवटमध्ये. आबाजी माहूरला जात ती देवीची ओढ असेल, नाहीतर त्या वाटेवरच्या गावाची. म्हणजे नांदेडला काही न मिळाल्यास कागद आता तेलंगणात असू शकतो. निजामाच्या दप्तराची भाषा उर्दू होती आणि सन फसली. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे १३५७ फसली हे साधारण १९४७-४८. महिने आजूर, बहमन, खुर्दाद अशा नावांचे. सेतवार, खासरा पत्रक, पहाणी पत्रक असे जमिनीच्या नोंदींचे शब्द तिथे कानावर पडतील. घसटीची उर्दू वाचणारे जुने शिक्षक किंवा मौलवी नांदेड, किनवट, उमरखेडलाही भेटतील. वाचून देणाऱ्याला त्याच्या वेळेचे पैसे द्या आणि दोन वेगळ्या माणसांकडून वाचून घ्या. आणखी एक. ईसापूर धरणात पैनगंगेच्या वरच्या अंगाची काही गावं उठली. जुन्या जागी पाणी असेल तर त्याच नावाचं पुनर्वसन गाव शोधा.

अशी पत्रं मला इतरांकडूनही येतात, म्हणून थोडं बाकीच्यांसाठी. नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा (आताचं चंद्रपूर) या बाजूला वऱ्हाडासारखी रयतवारी, म्हणजे शेतकऱ्याने थेट सरकारला सारा भरायची पद्धत, नव्हती; गावाचा सारा मालगुजाराने भरायची मालगुजारी होती. तिथल्या बंदोबस्ताच्या, म्हणजे सारा ठरवतानाच्या, मिसली आणि मालगुजारांचे कागद वेगळ्या नावांनी शोधावे लागतात. जिल्हे फुटलेत हे ध्यानात ठेवा: गडचिरोली १९८२ ला चंद्रपुरातून निघाला, वाशिम १९९८ ला अकोल्यातून, गोंदिया १९९९ ला भंडाऱ्यातून. जुना कागद बहुधा मूळ जिल्ह्याच्या ठिकाणी असतो. राजुरा तर निजामाच्या आदिलाबादेतून १९५६ ला नांदेडात आणि १९५९ ला चांद्यात आला. ज्यांचे आजोबा मिलमध्ये, मँगनीजच्या खाणीत किंवा रेल्वेत लागले त्यांनी गावाआधी नोकरीचा कागद शोधावा, कारण भरतीच्या वेळी मूळ ठिकाण लिहून घेत. १८९९-१९०० च्या दुष्काळात किंवा १९१८ च्या मानमोडीच्या साथीत घर उजाडून निघालेल्यांच्या बाबतीत मूळ गावात नाव सांगणारं कोणी उरलेलंच नसतं, तिथे तीर्थाच्या ठिकाणची वही कामाला येते. त्र्यंबकेश्वर, नाशिक, प्रयाग, गया इथल्या तीर्थोपाध्यायांकडे येऊन गेलेल्या यजमानांच्या नोंदी पिढ्यान्‌पिढ्या असतात. अर्थात ज्या घराला तिथवर जाण्याची ऐपत आणि मुभा होती, त्याच घराच्या. मोडीतला कागद हाती आला तर नागपूरच्या अभिलेखागारात विचारा. लाळ पाठवून वंश सांगणाऱ्या तपासण्यांवर पैसे घालू नका. त्या गाव सांगत नाहीत.

जातपडताळणीसाठी शोध घेणाऱ्यांना वेगळं सांगते, कारण कोतवालबुकाचं नाव आता घरोघरी झालंय ते त्यापायीच. तिथे तारखांना महत्त्व आहे, कारण त्या तारखेआधीच्या नोंदींना पुराव्यात जास्त वजन असतं: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. ते काम जाणकाराला विचारून, नियमाप्रमाणे करा. ताई, तुमच्या घरात कोणाची पडताळणी चालू असेल तर हे भावाशी आधी मोकळेपणाने बोला. त्याच्या नकाराच्या मागे ही भीती असू शकते, आणि भीती असेल तर “तू लग्न होऊन गेलीस” हे फक्त तोंडावर आलेलं कारण असेल. जुन्या नोंदीत दुरुस्ती करून देतो म्हणणारा कोणी दलाल भेटला तर त्याच्या सावलीलाही उभ्या राहू नका. आडनाव दोन निघाली तर दोन्ही तशीच असू द्यात.

गाव सापडलं आणि तिथे जायचं ठरलं, तर पहिल्यांदा हातात कागदाची फाइल घेऊन जाऊ नका. सत्तर-पंच्याहत्तर वर्षांनी अचानक आलेला भाऊबंद म्हटला की लोकांना आधी जमीन आठवते. “वाटणी मागायला आले” अशी कुजबूज एका तासात गावभर होते आणि मग कोणी खरं बोलत नाही. आधी देवळात जा, पोलीस पाटलाला भेटा, म्हाताऱ्या बायांशी बोला, आणि पहिल्याच वाक्यात सांगा की तुम्हाला काही मागायचं नाही. ते खरं असलं तरच सांगा. हक्काचा विचार मनात असेल तर तो वकिलाकडे जाऊन आधी निपटा, माणसं शोधण्याच्या आडून नको. आणि तिथे आबाजींची पहिली बायको होती, लेकरं होती असं निघालं, तर त्यांच्या घराला तुमच्यापेक्षा मोठा धक्का असेल. त्यांच्या घरातून कोणी वर्षानुवर्षं वाट पाहिली असेल. त्यांनी दार लावून घेतलं तर राग धरू नका. तुमचा पत्ता ठेवून परत या.

भावाचं काय करायचं, हा तुमचा शेवटचा प्रश्न. त्याच्या परवानगीची गरज नाही. आबाजी जेवढे त्याचे तेवढेच तुमचे. पण त्याला वगळूनही करू नका. वर्षश्राद्धाला चार माणसांत नाव अडलं ते त्याचं. त्याची लाज अजून गेली नसेल. त्याला सांगा की जे निघेल ते आधी आपण दोघं ऐकू, आणि कोणाला काय सांगायचं ते दोघं मिळून ठरवू. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकही कागद टाकायचा नाही, हेही आधीच ठरवा. तोवर पणजोबांचं नाव ठाऊक नाही म्हणून श्राद्ध अडत नाही. नाव माहीत नसताना काय म्हणायचं ते जाणत्या भटजीला ठाऊक असतं, त्याला एकांतात विचारा.

आणि एक साधी अडचण आधीच सोडवून ठेवा. नकलेसाठी अर्ज तुम्ही केलात तर खिडकीवरचा बाबू तुमचं सासरचं आडनाव पाहून नातं विचारेल. म्हणून अर्जासोबत तुमचा स्वतःचा शाळा सोडल्याचा दाखला जोडा, ज्यावर वडिलांचं नाव आहे, आणि वडिलांच्या मृत्यू दाखल्याची प्रत. भाऊ तयार झाला तर त्याच्याच नावाने अर्ज करा, त्याला शाळेत बरोबर न्या, रजिस्टर त्याच्यासमोर उघडू द्या. तो नाही म्हणाला तर दाखले जोडून तुम्ही एकट्या जा. पण शाळेच्याही आधी एका रविवारी आजीच्या माहेरी जाऊन या. तिथल्या म्हाताऱ्यांची वयं पाहता हे काम दिवाळीवर टाकू नका.